अल्कोहॉल अंतःक्षेपण, मोटारगाडीतील

टर्बोचार्जर बसविलेल्या एंजिनात शिरणाऱ्या हवेत पाणी व मिथेनॉल यांच्या मिश्रणाचा सूक्ष्म फवारा सोडून ती थंड करण्याच्या पद्धतीस अल्कोहॉल अंतःक्षेपण म्हणतात. हौशी मोटारचालक ही सामग्री प्रथम बहुधा एंजिनाच्या कप्प्यातच बसवितात. पुष्कळदा काच धुण्याच्या पाण्याची टाकीच त्यासाठी वापरली जाते. मोठी टाकी हवीशी झाली किंवा एंजिनाजवळची उष्णता व दाटी अडचणीची ठरली, की टाकी व पंप मागे डिकीत हलविण्यात येतात. वरकरणी हा बदल किरकोळ वाटतो. परंतु त्यामुळे टाकी व फवारा सोडणारा प्रोथ यांच्यात चार-पाच मीटरांचे अंतर पडते, आणि या योजनेतील बहुतेक अडचणी त्या अंतरातूनच उद्‌भवतात.

हवा दाबली असता तापते. तापलेल्या हवेतील पेट्रोल, ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्यापूर्वीच, काही ठिकाणी आपोआप पेटते व सिलिंडरात ठोके ऐकू येतात. भारी दाबाखाली असे ठोके चालू राहिल्यास दट्ट्या काही सेकंदांतच निकामी होऊ शकतो. फवाऱ्यातील द्रव बाष्परूप होताना हवेतील उष्णता शोषून घेतो. बाष्पीभवनासाठी दर ग्रॅमला पाण्यास सु. ५४० कॅलरी, मिथेनॉलास सु. २६३, तर पेट्रोलला केवळ सु. ८० कॅलरी लागतात. या दृष्टीने पाणी सरस असले, तरी मिथेनॉल ६५° से.लाच उकळत असल्याने त्याचे बाष्प लवकर होते. शिवाय ते स्वतः चांगल्या प्रतीचे इंधन असून मिश्रणास थंडीत गोठू देत नाही. निम्मे पाणी व निम्मे मिथेनॉल हे प्रमाण म्हणूनच रूढ झाले आहे.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमानांत ‘एमडब्ल्यू ५०’ या नावाचे असेच मिश्रण वापरीत. त्यात गंजरोधक तेलाचाही अल्प अंश असे. मेसरश्मिट १०९ या विमानाच्या काही प्रकारांत त्याची टाकी वैमानिकाच्या पाठीमागे धडात असे आणि वाढीव शक्ती एका वेळी सु. दहा मिनिटेच घेण्याची मुभा होती. मोटारगाडीत ही पद्धत कारखान्यातूनच बसवून देण्याचा गाजलेला प्रयत्न म्हणजे अमेरिकेतील ओल्डस्मोबिल जेटफायर (१९६२). तिच्या ३·५ लिटर एंजिनासाठी लागणारे मिश्रण ‘टर्बो-रॉकेट फ्लुइड’ या नावाने विकले जाई. टाकी रिकामी झाल्यास टर्बोचार्जरचा दाब आपोआप कमी करणारी झडप तीत होती. ही व्यवस्था शहाणपणाची होती, पण मालक टाकी भरण्यास विसरत व गाडी मंद झाल्याची तक्रार करीत. १९६३ नंतर ही गाडी निघाली नाही. बीएमडब्ल्यू कंपनीच्या एम ४ जीटीएस (२०१६) या गाडीत तर पाच लिटरांची टाकी व पंप मुळातच डिकीत होते. त्यात अल्कोहॉल नव्हते, शुद्ध पाणी होते. म्हणून एंजिन बंद करताच नळीतील पाणी टाकीत परत येईल अशी सोय करावी लागली, अन्यथा ते थंडीत गोठले असते.

टाकी मागे नेल्यावर पंपही तिच्याजवळच, शक्यतो तिच्या तळाखाली ठेवतात. कारण पडद्याचा पंप द्रव जोराने ढकलतो, पण दुरून ओढण्यात तो दुबळा असतो. लांब नळीतील घर्षणाने दाब फार घटेल अशी भीती सामान्यतः व्यक्त होते. ती बहुतांशी अनाठायी आहे. ४ मिमी. अंतर्व्यासाच्या पाच मीटर नळीतून मिनिटाला एक लिटर द्रव जाताना सु. अर्ध्या वातावरणाएवढाच दाब खर्ची पडतो, तर पंप दहा वातावरणे किंवा अधिक दाब देतो. खरा धोका विलंबाचा असतो. त्याच नळीत सु. ६३ घ. सेंमी. द्रव मावतो. नळी रिकामी झालेली असेल, तर ती भरण्यासच जवळजवळ चार सेकंद जातात, आणि तेवढ्या वेळात एंजिन संरक्षणाविना पूर्ण दाबावर चालते. यासाठी प्रोथाच्या अगदी निकट विद्युत् झडप बसवून नळी सदैव भरलेली ठेवतात. याच झडपेमुळे अंतर्ग्रहण नळीतील निर्वात एरवी मिश्रण ओढून घेऊ शकत नाही. टाकी प्रोथाहून उंचावर असल्यास तर ही झडप अत्यावश्यकच ठरते. बंद गाडीत द्रव झिरपून सिलिंडरात साचल्यास पुढच्या वेळी एंजिन सुरू करताना संयोगदांडा वाकण्याचा संभव असतो. नळी ताणणारी नसावी, तसेच निष्कास नळीपासून ती दूर न्यावी. पंपाची तारही पुरेशी जाड लागते.

पंप बंद पडला वा नळी निसटली, तरी मागे काय झाले ते चालकास कळत नाही. त्यामुळे टाकीतील पातळी दर्शविणारा दिवा पुरेसा नसून प्रोथाजवळच प्रवाह मोजून, तो घटताच टर्बोचार्जरचा दाब उतरविणारे साधन असावे लागते. वळणावर द्रव एका बाजूस गेल्याने पंप हवा ओढू नये म्हणून टाकीत आडपडदे घालतात.

पेट्रोलची टाकी डिकीबाहेर असून तिचे तोंडही गाडीबाहेर उघडते. मिश्रणाची टाकी मात्र डिकीतच भरावी लागते, आणि अनेक गाड्यांत डिकी व प्रवासी यांच्यामध्ये आसनाच्या पाठीखेरीज आडोसा नसतो. मिथेनॉलाची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. ते ॲल्युमिनियम व काही रबरांना खाते. त्याचे बाष्प व त्वचेतून होणारे शोषण, दोन्ही घातक असून पोटात गेल्यास अंधत्व वा मृत्यू ओढवतो. २०१५ साली मुंबईतील मालवणी भागात शंभरांहून अधिक माणसे मिथेनॉलमिश्रित दारूनेच दगावली. या कारणांनी टाकी घट्ट झाकणाची, पट्ट्यांनी जखडलेली व गाडीबाहेर श्वासनळी काढलेली असावी लागते, आणि डिकी व प्रवासी यांच्यात धातूचा अखंड पडदा घालावा लागतो.