ड्रमसेटला काऊबेल जोडावी का?

ड्रम शिकणारी मुलं थोड्याच दिवसांत विचारतात, "काऊबेल लावूया का?" पालकांनो, हो-नाही म्हणण्याआधी तिचं काम समजून घ्या.

काऊबेल म्हणजे गुरांच्या गळ्यातल्या घंटेचंच रूप. फक्त आत लोलक नसतो, ती काठीने वाजवतात. क्युबाच्या नृत्यसंगीतात गाणं रंगात आलं की बोंगो वाजवणारा बोंगो सोडून घंटा हाती घेतो आणि सगळ्यांना लय देतो. रोलिंग स्टोन्सच्या १९६९ च्या 'हाँकी टाँक विमेन' या गाण्याची सुरुवातच काऊबेलने होते. थोडक्यात, ती शोभेची वस्तू नव्हे. भजनातल्या टाळासारखी लय धरणारी आहे.

पण तिचा आवाज कोरडा आणि टोकदार. ठोका जरा चुकला तरी लगेच ऐकू येतो. म्हणून आधी एक परीक्षा घ्या: मेट्रोनोम लावून मूल अख्खं गाणं एका लयीत वाजवतं का? वाजवत असेल तर एक काऊबेल पुरे. उघड्या तोंडाच्या कडेवर जाड आवाज येतो, वरच्या सपाट भागावर बारीक. दोन्ही वाजवून दाखवा.

मग विचारा, "या गाण्यात ती कुठे हवी, आणि का?" उत्तर आलं, की खुशाल जोडा.