मोबाईललाही कुलूप हवे



गटात फिरताना वडीलधाऱ्या सभासदांच्या मोबाईलला कुलूप नसल्याचे नेहमी आढळते. विचारले तर म्हणतात, "साहेब, आमच्या फोनात चोरण्यासारखं काय हाय? अन् आकडा विसरला तर फोन उघडायचा कुणी?"

बोलणे सरळ आहे, पण हिशेब चुकतो. उसाचे बिल बँक खात्यावर जमा होते आणि त्या खात्याचा ओटीपी याच फोनवर येतो. म्हणजे फोन ही तिजोरीची किल्लीच झाली. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला आपण कुलूप लावतोच ना? मग याकरिता पुढील काळजी घ्यावी.

१) फोनला आकड्याचे कुलूप लावावे. कामाने बोटे घासलेली असल्यास ठसा नेहमी उमटेलच असे नाही. आकडा घरच्या वहीत लिहावा, फोनच्या कव्हरात नव्हे.

२) पैसे येण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही. "पैसे पाठवतो, पिन टाका" म्हणणारा लबाड समजावा.

३) बँकेच्या किंवा पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाईल उघडू नये.

४) फोन हरवल्यास सिम ताबडतोब बंद करावे. ते दुसऱ्या फोनात घातले की ओटीपी तिकडे जातात. पैसे गेल्यास लाजून गप्प न बसता लगेच १९३० वर व बँकेस कळवावे.

नातवाकडून कुलूप जरूर लावून घ्या, पण आकडा तुम्हीच ठरवा. वर्षभराच्या घामाचे पैसे आहेत, ही विनंती.

— ऊसविकास अधिकारी