मेलेला मासा हसतो तेव्हा

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याचा ‘बुरुड राजाचा कोट’ उकरला. विटांच्या त्या स्तूपाच्या पोटातून करंडे निघाले, बुद्धमूर्ती निघाल्या आणि चांदीचं एक नाणं निघालं. नाणं होतं यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचं. शूर्पारकाच्या, म्हणजे जुन्या सोपाऱ्याच्या, बंदरात पोचलेलं हे नाणं ज्या घराण्याचं, त्याच घराण्याशी परंपरेने आपल्याकडच्या एका अफाट कथाभांडाराचं नातं जोडलं आहे. म्हणतात, गुणाढ्य हा सातवाहन राजाचा मंत्री. त्याने पैशाची भाषेत सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ रचली आणि राजाने ती झिडकारली. तेव्हा त्याने पशुपक्ष्यांना वाचून दाखवत सहा लाख श्लोक आगीत टाकले. उरलेल्या लाखाचा वारसा अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त सांभाळला.

त्यातली एक गोष्ट वसईकरांनी तर ऐकायलाच हवी. खिडकीतून डोकावणाऱ्या राणीकडे एका ब्राह्मणाने वर मान करून पाहिलं, एवढ्यावरून राजाने त्याला मृत्युदंड दिला. त्याला वधासाठी नेत असताना बाजारातला एक मेलेला मासा खदखदून हसला. वसईच्या पाचूबंदरला टोपलीतलं पापलेट असं हसलं तर काय होईल, कल्पना करा! राजाने शिक्षा थांबवली. हसण्याचं कारण एका राक्षसीच्या तोंडून कळलं: राजाच्या अंतःपुरात बायकांच्या वेषात पुरुष बिनधास्त वावरत आहेत आणि मरायला निघालाय एक निरपराध!

हाच मासा पुढे ‘शुकसप्तती’त, म्हणजे एका पोपटाने रात्रीमागून रात्री सांगितलेल्या गोष्टींत, पुन्हा हसतो, आणि इथली कारागिरी मला जास्त थक्क करते. विक्रमादित्याची राणी जेवायला बसते. ताटातले मासे नर आहेत, परपुरुषाकडे मी कशी पाहू, म्हणून ती तोंड फिरवते. शिजलेले मासे मोठ्याने हसतात. पाचव्या रात्री पडलेलं हे कोडं नवव्या रात्री उलगडतं. राजा राणीला फुलांनी हलकेच मारतो आणि ती मूर्च्छित पडते. आदल्या रात्री हीच राणी प्रियकराचा मार निमूट सोसून आलेली असते! गोष्ट चावट आहे खरी, पण तिचा नेम शरीरावर नाही, सोवळेपणाच्या देखाव्यावर आहे.

फ्रान्समध्ये बाल्झाक या कादंबरीकाराने हाच नेम धरला. ‘काँत द्रोलातिक’ या त्याच्या कथा १८३२, १८३३ आणि १८३७ मध्ये दहा-दहाच्या तीन जुड्यांत आल्या. शंभर लिहायच्या होत्या, झाल्या तीस. राब्ले या लेखकाच्या काळची जुनी फ्रेंच त्याने मुद्दाम घडवली, गोष्टी तूरेनच्या मठांतून गोळा केल्याचा आव आणला आणि धर्मगुरूंनाच गणिकेच्या दारात उभं केलं. १८५५ मध्ये गुस्ताव्ह दोरेने या कथांसाठी चारशेहून अधिक चित्रं काढली.

पण ‘शुकसप्तती’जवळ बाल्झाकपेक्षा एक जास्तीची युक्ती आहे, ती म्हणजे गोष्ट सांगण्याचं निमित्त. व्यापारी परगावी गेलेला. सोपाऱ्यासारख्या बंदरात अशी घरं कितीतरी असणार. त्याची बायको प्रभावती रात्री प्रियकराकडे निघते. मैना तिला खडसावते, तर प्रभावती तिचा गळाच पिरगळायला धावते. पोपट मात्र शहाणा. जायचं तर खुशाल जा, म्हणतो, पण पकडली गेलीस तर अमकीसारखी थाप सुचेल का तुला? अमकी कोण, हे ऐकता ऐकता रात्र सरते. गोष्टीतल्या बाया बहुतेक नवऱ्यांना फसवून सहीसलामत सुटतात, आणि त्याच गोष्टी ऐकणारी ही बाई घरातच राहते. नीतीचा एक शब्द न बोलता पोपटाने हे साधलं, याचं मला अपार कौतुक वाटतं.

हा पोपट फार दूरवर गेला. १३३०च्या सुमारास नख्शबीने त्याला फारसी शिकवली. नख्शबीच्या ‘तूतीनामा’त तो बावन्न रात्री बोलतो. मराठीतही तो आला. रिचर्ड श्मिट या जर्मन पंडिताने १८९७ मध्ये ‘शुकसप्तती’चा जुना मराठी अनुवाद जर्मन भाषांतरासह लाइपझिगमध्ये छापला.