लाल रेघ नाही, म्हणून बरोबर?

नोकरीचा अर्ज टाइप करून होतो, पडद्यावर एकही लाल नागमोडी रेघ दिसत नाही आणि आपण निश्चिंत होऊन तो पाठवून देतो. तिकडे पहिल्याच ओळीत प्राचार्यांना ‘तत्त्व’ म्हणून संबोधलेलं असतं. ‘प्रिन्सिपल’च्या शेवटी पी-ए-एल लिहिलं तर प्राचार्य, पी-एल-ई लिहिलं तर तत्त्व. उच्चार एकच आणि दोन्ही स्पेलिंगं शुद्ध. मग रेघ उमटणार कशी?

स्पेलचेक आपलं वाक्य वाचतो, हा त्याच्याबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज. साधा स्पेलचेक एकेक शब्द उचलतो, आपल्या यादीत आहे का एवढंच पाहतो आणि असला तर पुढे जातो. 1961 साली एमआयटीत लेस अर्नेस्ट यांनी हस्ताक्षर ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला सुमारे 10,000 नेहमीच्या इंग्रजी शब्दांची यादी जोडली होती. 1971 मध्ये स्टॅनफर्डला राल्फ गोरिन यांनी ‘स्पेल’ लिहिला आणि तो जवळचे शब्दही सुचवू लागला. टाइप करता करता उमटणारी लाल रेघ वर्ड 95 ने घरोघरी पोचवली. पण या सगळ्यांच्या मुळाशी शब्द यादीत शोधणं हेच काम आहे. यादीत ‘हरवणे’ या अर्थाचा एका ‘ओ’चा लूझ आहे, तसाच ‘सैल’ या अर्थाचा दोन ‘ओ’चा लूजही आहे. ‘फ्रॉम’ लिहिताना आर आणि ओ यांची जागा बदलली की ‘फॉर्म’ होतो, आणि तोही यादीत असतो. आपल्याकडच्या दुकानांच्या पाट्यांवर ‘स्टेशनरी’ ए घालून लिहिलेली सर्रास दिसते. वह्या-पेनांच्या स्टेशनरीत ई हवा. ए घातला की ‘जागचं न हलणारं’ असा अर्थ होतो. गंमत म्हणजे दोन्ही शब्दांचं मूळ एकच. मध्ययुगीन युरोपात विद्यापीठांच्या आसपास ठरलेल्या जागी बसणाऱ्या पुस्तकविक्रेत्यावरून स्टेशनरी आली, आणि फिरत्या विक्रेत्यांहून त्याचं वेगळेपण एका जागी बसण्यातच होतं. दोन्ही स्पेलिंगं सख्खी भावंडं असताना नुसत्या यादीला त्यांतलं चूक कोणतं हे कळायचं कसं?

यादी जितकी मोठी तितका स्पेलचेक चांगला, असंही मानलं जातं. प्रकरण इतकं सरळ नाही. टाइपिंगमधल्या किती चुका योगायोगाने दुसराच खरा शब्द बनून लपतात, याचा हिशेब जेम्स पीटरसन यांनी 1986 मध्ये मांडला. छोट्या यादीत हे प्रमाण 2 टक्के, 50,000 शब्दांच्या यादीत 10 टक्के, तर 3,50,000 शब्दांच्या यादीत जवळपास 16 टक्के निघालं. क्वचित भेटणारे शब्द यादीत भरले की चुकांना आडोसा मिळतो. म्हणून यादी आखूडच ठेवावी का? तर तसंही नाही. 1989 मध्ये फ्रेड डॅमेरो आणि एरिक मेज यांनी 2 कोटी 20 लाखांहून अधिक शब्दांचा मजकूर तपासला. नेहमीच्या वापरातले शब्द क्रमाने घेत यादी 50,000 वरून 60,000 वर नेली, तेव्हा 1,348 ठिकाणी शुद्ध शब्दावर येणारी विनाकारण खूण टळली. नव्याने निसटलेल्या चुका निघाल्या फक्त 23. यादीत शब्द किती, यापेक्षा ते कोणते, याला महत्त्व आहे.

सुचवलेल्या शब्दांतला पहिला शब्द बरोबरच असणार, हा समज तर महागात पडलेला आहे. ‘कोऑपरेशन’ जोडरेघ न देता लिहिला, की काही जुन्या स्पेलचेकना तो सापडत नसे, कारण त्यांच्या यादीत तो जोडरेघेसहच होता. मग ते सुचवत ‘क्युपर्टिनो’, म्हणजे कॅलिफोर्नियातलं ॲपलचं गाव. युरोपीय संघाच्या आणि नाटोच्या अधिकृत कागदपत्रांत ‘सहकार्या’च्या जागी हे गाव छापून गेलं, आणि अशा चुकांना ‘क्युपर्टिनो इफेक्ट’ हेच नाव पडलं. सूचना अर्थावरून नव्हे, अक्षरांच्या जवळिकीवरून ठरत होती. एक अक्षर जास्त पडणं, एक गळणं, एक बदलणं किंवा शेजारची दोन उलटसुलट होणं, यांत 80 टक्क्यांच्या आसपास चुका मोडतात, हे याच डॅमेरोंनी 1964 मध्ये दाखवलं होतं. सूचना देण्याची पद्धत त्यावरच उभी राहिली.

उलट, लाल रेघ म्हणजे चूकच, असंही नाही. भाषा अमेरिकन इंग्रजी ठेवली असेल तर यू घातलेला ‘कलर’ लाल होतो, आणि आपली आडनावं तर होतातच. ती घाबरून बदलू नयेत. सगळी मोठी अक्षरं असलेले शब्द मात्र वर्डच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये तपासलेच जात नाहीत. बायोडेटातले मथळे नेमके तसेच असतात, म्हणून ते स्वतः वाचावेत.

मराठीतही हाच प्रकार आहे. ‘मराठी भाषा गौरव दिन’ लिहिताना दि दीर्घ केला, तर गौरवाचा दिवस जाऊन दैन्य येतं, आणि दोन्ही शब्द कोशात असल्याने रेघ येत नाही.

आताची सॉफ्टवेअर आजूबाजूचे शब्द पाहतात, तेव्हा हा प्रश्न संपला असेल, असं वाटणं स्वाभाविक आहे. वर्ड 2007 पासून संदर्भ पाहून निळी रेघ येऊ लागली, आणि ‘देअर’च्या दोन स्पेलिंगांतला घोळ आज बहुतेक वेळा पकडला जातो. पण ‘ही सवलत आता लागू आहे’ आणि ‘ही सवलत लागू नाही’ यांत इंग्रजीत एकाच अक्षराचा फरक पडतो: ‘नाऊ’मधल्या डब्ल्यूच्या जागी टी आला की ‘नॉट’. व्याकरण दोन्हीकडे शुद्ध. तुम्हाला काय म्हणायचं होतं, हे फक्त तुम्हाला ठाऊक असतं.

‘पब्लिक’मधला एल किंवा ‘मॅनेजर’मधला दुसरा ए गळला तर होणारे शब्दही शुद्धच आहेत, आणि पहिला तर भर कार्यालयात मान खाली घालायला लावणारा. वर्डमध्ये यासाठी वगळण्याच्या शब्दांची वेगळी यादी करता येते. तिच्यात हे दोन शब्द घातले, की ते शुद्ध असूनही त्यांच्याखाली रेघ येते. आपण हमखास चुकतो ते शब्दही त्यात घालावेत. ‘नाऊ’ आणि ‘नॉट’ तेवढे फाइंडने शोधून, प्रत्येक ठिकाणी वाक्य पूर्ण वाचून तपासावेत.