घरगुती बिअरनिर्मिती : किण्वनशास्त्र व कायदा

संत तुकाराम नगरच्या परिसरास किण्वन नवे नाही. जवळच पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. तेथील पेनिसिलिन बुरशीच्या किण्वनातूनच तयार होई. परका जीवाणू शिरल्यास टाकीतील सर्व माल वाया जातो, हे त्या उद्योगाचे मूलतत्त्व बिअरलाही लागू पडते.

मोड आणून वाळविलेले जव भरडून ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवल्यास त्यातील विकरे स्टार्चची शर्करा करतात. हा अर्क हॉप्ससह तासभर उकळून, सुमारे २० अंशांपर्यंत थंड करून त्यात यीस्ट मिसळतात. यीस्ट शर्करेपासून अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड निर्माण करते. किण्वन अपुरे असताना बाटल्या बंद केल्यास वायूच्या दाबाने त्या फुटू शकतात.

तथापि महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये परवान्याविना मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे. म्हणून नवशिक्याने किण्वनाचा पहिला धडा नाचणीच्या आंबिलीपासून घ्यावा. रात्रभर भिजविलेले पीठ उन्हाळ्यात लवकर, हिवाळ्यात उशिरा आंबते. बिअर नासविणारे आम्लजनक जीवाणू येथे मात्र उपकारक ठरतात. तापमान, काळ व स्वच्छता यांचे महत्त्व त्यातून कायदा न मोडता कळते.