विश्लेषण : टेंपरेचरचा काटा खरा की खोटा? जुन्या स्पोर्ट्स कारमधला लपंडाव कसा पकडावा?

हट्टा : मे महिन्याची दुपार. वसमत तालुक्यातील हट्ट्याच्या रस्त्यावर गाडीचा टेंपरेचर काटा एका क्षणात लाल पट्ट्यावर जातो. चालक घाबरून गाडी बाजूला घेतो. बॉनेट उघडले तर ना वाफ, ना वास. दहा मिनिटांनी काटा पुन्हा मध्यावर. गॅरेजमध्ये नेईपर्यंत सारे ठीकठाक! मग अंदाजाने सेन्सर बदलला जातो, नंतर थर्मोस्टॅट. आणि काटा पुन्हा उडी मारतो. काटा खोटा असेल तर हे पैसे वाया जातात. पण काटा खरा असेल आणि दुर्लक्ष झाले, तर हेड गॅस्केट जाते, हेड वाकते आणि इंजिन उघडावे लागते. म्हणून पार्ट बदलण्याआधी मोजणे महत्त्वाचे.

काटा लाल पट्ट्यावर गेल्यास आधी काय करावे?

काटा खोटा ठरेपर्यंत तो खराच धरावा. एसी बंद करून गाडी सुरक्षित जागी थांबवावी आणि इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये. झाकणाच्या दाबामुळे आतले कूलंट १०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब सुटतो आणि ते उसळून हात-तोंड भाजते. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतल्यास धातूला तडा जाऊ शकतो. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच कूलंटची पातळी पाहावी.

खरा ताप आणि खोटा काटा कसा ओळखावा?

इंजिन खरोखर तापते तेव्हा काटा बहुधा काही मिनिटांत हळूहळू चढतो. सेकंदात टोकाला जाऊन तसाच परत येणारा काटा वायरिंगकडे बोट दाखवतो. मात्र एक अपवाद धोकादायक आहे. कूलंट गळून कमी झाले, तर सेन्सर द्रवात न राहता वाफेत किंवा हवेत उघडा पडतो. अशा वेळी इंजिन तापत असतानाही काटा खाली येऊ शकतो किंवा वरखाली नाचतो. म्हणून पहिली तपासणी कूलंटची, विजेची नंतर. खात्रीसाठी इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या घराचे तापमान घ्यावे. चकचकीत धातूवर हे यंत्र कमी आकडा दाखवते. तेथे काळी टेप चिकटवून टेपवर मोजावे.

सेन्सर काम कसे करतो?

बहुतेक गाड्यांतील सेन्सर तापमान वाढले की विजेला होणारा अवरोध कमी करतो. अनेक सेन्सर २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम दाखवतात, तर ८० अंशांना तीनशेच्या आसपास. नेमके आकडे कंपनीनुसार बदलतात. काट्यासाठीच्या अशा सेन्सरची वायर तुटली, तर बहुतेक जुन्या गाड्यांत काटा थंडवर पडून राहतो. तीच वायर सोलून इंजिनाच्या धातूला टेकली, तर काटा थेट लाल पट्ट्यावर जातो. संगणक असलेल्या गाडीत वायर तुटल्यास संगणकाला इंजिन अतिथंड वाटते. तो जास्त पेट्रोल सोडतो आणि काळा धूर, खराब ॲव्हरेज अशी लक्षणे दिसतात.

जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये हा त्रास जास्त का?

अलिबागच्या चिंकारा मोटर्सची रोडस्टर किंवा सॅन मोटर्सची सॅन स्टॉर्म या भारतात बनलेल्या दोन आसनी गाड्या पाहा. दोन्हींची बॉडी फायबरची. साध्या गाडीत पत्र्याची बॉडीच बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत परतीची वाट असते. फायबरमधून वीज वाहत नाही. त्यामुळे दिवे, पंखा, मीटर अशा बॉडीवर बसवलेल्या प्रत्येक वस्तूला अर्थिंगची वेगळी वायर लागते. वायर वाढल्या की जोडही वाढतात. वर्षानुवर्षांची उष्णता, हादरे आणि पावसाळी ओल यांनी जोडांवर हिरवट थर चढतो. पत्र्याची बॉडी असलेल्या जुन्या गाडीतही गंजलेला अर्थ हेच करतो. त्यात गाडी महिनोन्महिने उभी राहिली की उंदीर वायर कुरतडतात.

तपासणी कोणत्या क्रमाने करावी?

काहीशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. आधी बॅटरी पाहावी. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट, चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत.

नंतर अर्थिंग. इंजिन, हेडलाइट आणि पंखा चालू ठेवून मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे इंजिनाच्या स्वच्छ धातूला लावावे. आकडा ०.२ व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंगच्या वायरीवर किंवा तिच्या जोडावर संशय घ्यावा. हेडलाइट लावताच टेंपरेचर काटा हलत असेल, तर हीच शंका बळावते. टेंपरेचर आणि पेट्रोल असे दोन्ही काटे एकाच वेळी नाचत असतील, तर दोघांना वीज देणारी सामाईक वायर किंवा डॅशबोर्डचा अर्थ तपासावा.

त्यानंतर सेन्सरची वायर. एका वायरीच्या जुन्या सेन्सरवर चावी चालू ठेवून वायर काढली की काटा थंडवर जायला हवा. ती क्षणभर इंजिनाच्या धातूला टेकवली की गरमवर. दोन्ही झाले तर मीटर आणि वायर ठीक, दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये. एका वायरीचा सेन्सर आपल्या आट्यांतून अर्थ घेतो. आट्यांवर गुंडाळलेली टेफ्लॉन टेप तो अर्थ तोडू शकते. संगणकाला जोडलेल्या दोन वायरींच्या सेन्सरवर मात्र हा प्रयोग करू नये. त्याचे ओहम कपलर काढून मोजावेत.

शेवटी इंजिन चालू ठेवून कपलर आणि वायर हलक्या हाताने हलवाव्यात. पंखा आणि बेल्टपासून हात, बाही दूर ठेवावी. ज्या जागी हलवल्यावर काटा उडी मारतो, तिथे बिघाड.

कोणत्या चुका टाळाव्यात?

फ्यूज वारंवार उडतो म्हणून जास्त ॲम्पिअरचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा लावू नये. फ्यूज जळायचा सोडून वायर तापते आणि आग लागू शकते. थर्मोस्टॅट काढून टाकणे हाही उपाय नाही. इंजिन योग्य तापमानाला येत नाही आणि मूळ दोष तसाच राहतो.

गॅरेजमध्ये काय सांगावे?

अधूनमधून येणारा बिघाड मेकॅनिकसमोर हटकून लपतो. म्हणून काटा उडाला तेव्हाची नोंद मोबाइलमध्ये ठेवावी : इंजिन गार होते की गरम, पाऊस होता का, खड्डा आला का, हेडलाइट, एसी किंवा पंखा चालू होता का. शक्य असल्यास सोबतच्या व्यक्तीला काट्याचा व्हिडिओ घ्यायला सांगावे. अशा चार-पाच नोंदी एकत्र वाचल्या की बिघाडाची जागा बरीच आक्रसते, आणि नवा सेन्सर घ्यायचा की जुना जोड घासून घट्ट करायचा, हे अंदाजाऐवजी पुराव्यावर ठरते.