पॅनवरचा काटा

साखरेच्या द्रावणातून वीज जवळजवळ वाहत नाही. तरीही साखर कारखान्यात पॅनमधला, म्हणजे आटवायच्या बंद भांड्यातला, पाक किती आटला, हे कळण्यासाठी वाहकता मोजणारा मीटर बसवतात. तो खरं तर मोजतो रसातले क्षार: पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड. पाक घट्ट होत जातो तसं या आयनांना हलणं जड जातं, वाढणारे दाणेही वाट अडवतात, आणि काटा खाली उतरतो. पाण्यात मीठ टाकलं की वाहकता वाढते. इथे पाक दाटला की ती घटते.

ढोकीचा तेरणा, केशेगावचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर, रांजणीचा नॅचरल शुगर, मुरूमचा विठ्ठलसाई: धाराशिव जिल्ह्याचा हिवाळा या कारखान्यांच्या गाळपावर चालतो. उसाचं वजन, उतारा, भाव यांवर गावागावांत बोललं जातं. पॅन स्टेशनवरच्या कामाबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही, आणि साखरेचा दाणा तर तिथेच बनतो.

पॅन निर्वात असतो, म्हणून पाक साठ-सत्तर अंशांनाच उकळतो आणि करपत नाही. पॅनमन प्रूफ स्टिकने नमुना काढतो, काचेवर पसरून दाणा बघतो, अंगठा आणि बोटात पाकाची तार ओढून पाहतो. घरी चिक्कीचा पाक करणाऱ्या बाईची हीच रीत. या हाताची समज मीटरवर आणायचा प्रयत्न जुना आहे. जावा बेटावरच्या साखर संशोधकांनी 1930 च्या दशकात पॅनमधल्या वाहकतेवर काम केलं होतं.

मीटर जुळवायचं काम दोन टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यात फक्त प्रोब तपासायचा. लिटरभर द्रावणात 0.7456 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असेल, तर 25 अंशांना वाहकता 1413 मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर भरते. मीटरने तोच आकडा दाखवला पाहिजे. इलेक्ट्रोडवर पापुद्रा चढला असेल तर हा आकडा चुकतो, म्हणून आधी सफाई. तापमानाचं भानही हवं: साध्या द्रावणात दर अंशाला वाहकता सुमारे दोन टक्क्यांनी बदलते, पांढऱ्या साखरेतली राख, म्हणजे क्षार, मोजायच्या प्रयोगशाळा-सूत्रात 2.6 टक्के धरतात. पॅनमधल्या दाट पाकाला यातला कुठलाही आकडा आंधळेपणाने लावू नये.

दुसरा टप्पा खरा कष्टाचा. पॅन चालू असताना नमुना काढायचा, त्याच क्षणाचा काटा लिहून ठेवायचा, आणि प्रयोगशाळेत त्या नमुन्याचा ब्रिक्स, म्हणजे विरघळलेल्या घन पदार्थांचं प्रमाण, काढायचा. पॅन भरल्यापासून उतरवेपर्यंत अशा जोड्या घेऊन कागदावर रेषा ओढायची. दोन बिंदूंवर भागत नाही, कारण ही रेषा सरळ नसते. ए, बी आणि सी मॅसिक्विटसाठी (दाणे आणि पाकाच्या या मिश्रणाची शुद्धता ए पासून सी पर्यंत घटत जाते) वेगवेगळ्या रेषा लागतात. सी मॅसिक्विटमध्ये क्षार भरपूर, तिथे काटा ठळक बोलतो. शुद्धता फार जास्त असेल तिथे क्षारच इतके कमी की काट्यावर विसंबता येत नाही.

माझ्या मते मीटर कुठल्या कंपनीचा, यापेक्षा ही रेषा कोणत्या उसावर काढली, हे महत्त्वाचं. मांजरा नदीच्या काठचा ऊस आणि खाऱ्या बोअरच्या पाण्यावर जगलेला ऊस एकाच गव्हाणीत पडतात. खारवट जमिनीतल्या उसाच्या रसात राख जास्त येते. मग ब्रिक्स तोच असूनही काटा वर राहतो, आणि पॅन अजून आटवायचा आहे असं वाटतं. कोल्हापूरच्या कारखान्याची रेषा इथे उचलून आणली तर ती फसवेल. दुष्काळी वर्षानंतर तर स्वतःचीच मागच्या हंगामाची रेषाही पुन्हा तपासली पाहिजे. हंगामाच्या सुरुवातीला केमिस्ट आणि पॅनमन यांनी शेजारी उभं राहून काही पॅन एकत्र उतरवावेत, एवढा वेळ व्यवस्थापनाने त्यांना द्यायलाच हवा.

बॉयलरकडे जाणाऱ्या कंडेन्सेटवरही, म्हणजे वाफ थंड होऊन झालेल्या पाण्यावरही, असाच मीटर असतो. रस तापवणाऱ्या यंत्रातली नळी फुटून रस या पाण्यात मिसळला तर त्यातल्या क्षारांमुळे काटा उसळतो. पण जवळपास शुद्ध साखर शिरली तर तो हलत नाही, आणि तीच साखर बॉयलरमध्ये विघटित होऊन आम्ल तयार करते, पाण्याला फेस आणते. म्हणून मीटर असतानाही केमिस्ट परीक्षानळीत कंडेन्सेट घेतो, अल्फा-नॅप्थॉलचे थेंब टाकतो आणि कडेने सल्फ्युरिक आम्ल सोडतो. जांभळं कडं दिसलं तर ते पाणी बॉयलरकडे जाऊ देत नाहीत.